थ्रॉटलवर अंगठा कुणाचा?

मनाली किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी जोडप्याचं इन्स्टाग्राम उघडा. फोटो ठरलेले असतात. भाड्याचा सूट आणि गमबूट, एकमेकांवर बर्फाचे गोळे, टायरमध्ये बसून घसरणं, एखादा कंटाळलेला याक. आणि एक फोटो स्नो स्कूटरवरचा. त्यात हँडलवर ऑपरेटर असतो, नाहीतर नवरा. ती मागे. दोन्ही हात पुढच्याच्या कमरेला, तोंड कॅमेऱ्याकडे. खाली कॅप्शन: 'हिला पहिल्यांदा स्नोमोबाइलिंगला नेलं!'

माझं भांडण त्या 'नेलं'शी आहे.

जत्रेला पोराला नेतात, दवाखान्यात म्हाताऱ्याला नेतात, बाजाराला शेळी नेतात. नेलेल्याने काही करायचं नसतं, नीट बसायचं असतं. स्नोमोबाइलिंग हे यंत्र चालवण्याचं नाव आहे. एसटीच्या मागच्या सीटवर बसून पुण्याला गेलेला माणूस 'मी आज बस चालवली' असं म्हणत नाही. पण बर्फावर सात मिनिटं कुणाच्या तरी पाठीला चिकटून फिरलेल्या बाईने स्नोमोबाइलिंग 'केलं', आणि ते तिला नवऱ्याने 'करवलं', असं आपण सगळे आनंदाने मान्य करतो. लाइकही करतो.

मी रांजणगावचा. आमच्याकडे बर्फ पडत नाही, बर्फ करणाऱ्या वस्तू बनतात. एलजी, व्हर्लपूल, हायर, तिघांचे कारखाने आमच्या एमआयडीसीत आहेत. देशातल्या किती घरांतला बर्फाचा ट्रे आमच्या गावातून गेला असेल, हिशोब करा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातले दोन दिवस खराडीला जातो, बाकीचे घरून काम. बायको इथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ती रोज ॲक्टिव्हावर जाते. पुणे-नगर रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो: उसाच्या दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, कंटेनर, कंपन्यांच्या बस, चतुर्थीला महागणपतीच्या दर्शनाची गर्दी, राँग साइडने येणारे टेम्पो, आणि या सगळ्यातून डाव्या कडेने वाट काढणारी एक बाई. डिसेंबरातही आणि पावसातही.

आता यंत्राबद्दल. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा. वजन बहुधा दोनशे किलोच्या पुढे. डाव्या हाताशी ब्रेक. उजव्या हाताशी एक छोटी लिव्हर, ती अंगठ्याने दाबायची. ती थ्रॉटल. गिअर टाकायचा नाही, क्लच दाबायचा नाही, पाय टेकवून तोल धरायचा नाही, कारण उभी असताना ती कलंडतच नाही. अंगठा दाबला की निघते. अंगठा उचलला की सपाटीवर बर्फाच्या ओढीनेच मंदावते.

आणि आत काय आहे? इंजिनच्या शाफ्टवर एक पुली, तिच्या दोन तिरक्या तबकड्या. इंजिन जोरात फिरायला लागलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या एकमेकींजवळ सरकतात, बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीवर उलटं घडतं, बेल्ट खाली उतरतो. गिअर बदलत राहतात, बदलणारा कुणी नसतो. आता घरी उभ्या असलेल्या ॲक्टिव्हाचं डाव्या बाजूचं लांबट कव्हर मेकॅनिककडून एकदा उघडून घ्या. आत हाच संसार आहे. फरक इतकाच की स्कूटरला मागच्या चाकापाशी वेगळा क्लच असतो, आणि स्नोमोबाइलमध्ये पुढची पुलीच क्लचचं काम उरकते. भारतीय बायकांना हे तंत्र नवं नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हापासून त्या ते चालवताहेत. त्याआधीची १९७२ ची बिनगिअरची लुना तर आमच्याच रस्त्यावर पुढे, नगरला (आता अहिल्यानगर) बनायची. तिच्यावर किती शिक्षिका आणि नर्सबाई आयुष्यभर हिंडल्या.

तेव्हा ज्या बाईने आठ वर्षं ॲक्टिव्हा चालवली आहे तिला स्नोमोबाइल शून्यापासून शिकवावी लागत नाही. थ्रॉटल मुठीत नसून अंगठ्याखाली आहे, एवढं सांगावं लागतं. आणखी दोन गोष्टी आहेत. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवायचं. आणि भुसभुशीत बर्फात घाबरून एकदम अंगठा सोडायचा नाही, सोडला की गाडी रुतते. झालं. उलट अडचण आली तर ती बुलेटवाल्या भाऊंना येईल. त्यांचा डावा हात सवयीने क्लच शोधत राहणार आणि ब्रेक दाबत राहणार.

हे सगळं सोलंगच्या एका उतारावरच्या ऑपरेटरला मी सांगू शकलो नाही, माझं हिंदी पुलीपर्यंत पोहोचत नाही. गेल्या वर्षीची गोष्ट. मी त्याआधी ऑफिसच्या पोरांबरोबर गुलमर्गला एकदा चालवली होती, बायकोने बर्फच पहिल्यांदा पाहिला होता. पैसे ठरले. ती पुढे जाऊन हँडलपाशी उभी राहिली. ऑपरेटरने तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "सर, आप चलाओ, मैं साथ में हूँ. मॅडम पीछे बैठेगी." मी म्हटलं, चालवणार मॅडमच आहेत. मग प्रश्न आला, "मॅडमने पहले चलाया है?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. गुलमर्गला मी पहिल्यांदा चालवली तेव्हा मला तो कुणीही विचारला नव्हता. आम्ही सहा जण होतो, त्यातल्या एकाला तर सायकलचाही तोल सांभाळता येत नाही. त्यालाही नाही.

आजूबाजूच्या पर्यटकांनीही सल्ला दिलाच. सांगलीकडचे एक काका, अगदी मायेने: "अहो, तुम्हीच चालवा ना, कशाला त्रास देताय वहिनींना?" वहिनी म्हणजे जी नगर रस्त्यावर रोज कंटेनरच्या पुढून गाडी काढते ती. तिला बिचारीला दोनशे मीटर रिकाम्या बर्फाचा त्रास होणार होता. शेवटी तो ऑपरेटर सोडून आम्ही दुसरा शोधला. त्याने ती पुढे, तो मागे, अशी एक फेरी मारून पाहिली, मग स्वतः उतरला आणि म्हणाला, अच्छा चलाती है. बायकोने मला एवढंच सांगितलं: "तू खाली थांब. आणि ओरडू नकोस."

मी खाली थांबलो. ओरडलो नाही. कुणाला काही शिकवताना यापलीकडे फार काही करायचं नसतं, असं माझं मत आहे, आणि ते मी कामावर शिकलो. आमच्याकडे दोन जण एका कॉम्प्युटरवर बसून कोड लिहितात. एकाच्या हातात कीबोर्ड, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुसरा नुसता बघतो, बोलतो. नवीन पोरगा कीबोर्डवर असला की त्याला शिकायला मिळतं. पण बहुतेक सीनियर लोकांना सव्वा मिनिटापेक्षा जास्त धीर धरवत नाही. ते म्हणतात, "दे इकडे." कीबोर्ड ओढून घेतात, काम चुटकीसरशी होतं, आणि नवीन पोरगा आयुष्यभर सांगत फिरतो की त्याने ते काम सरांकडून शिकलं. त्याने ते पाहिलेलं असतं. पाहणं आणि करणं यांच्यात तेवढंच अंतर आहे जेवढं मागच्या आणि पुढच्या सीटमध्ये.

'दे इकडे.' मराठी घरांत बायकांना ऐकू येणाऱ्या वाक्यांमध्ये हे सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक वाक्य आहे. बरणीचं झाकण निघत नाही, दे इकडे. फोनचं सेटिंग सापडत नाही, दे इकडे. स्कूटर मेन स्टँडवर लागत नाही, दे इकडे. रागाने म्हटलेलं असतं तर भांडता तरी आलं असतं. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे नेमका काय मागितला ते आठवा. अंगठाच. त्यांना तरी गुरुदक्षिणा म्हणून मागावा लागला; आपण तो मदत म्हणून काढून घेतो.

इथे कुणीतरी म्हणणारच, बाबा रे, हनिमूनची सात मिनिटं, त्यात एवढं काय? म्हणून रांजणगावला परत येऊ.

आमच्याकडे नवी गाडी घेतली की महागणपतीला आणतात. पूजा कोण करतं? घरची बाई. हळदीकुंकू तीच लावते, हँडलला हार तीच घालते, चाकाखाली लिंबू तीच ठेवते, नारळ फोडायला तेवढा नवरा. मग नवरा किक मारतो, लिंबू चिरडतं, आणि जिने गाडीला ओवाळलं ती मागे एका बाजूला पाय सोडून बसते. हेल्मेट एकच असतं आणि ते पुढच्याच्या डोक्यावर. कायद्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. पण मागची जागा ही माणसाची नसून सामानाची, अशी आपली समजूत आहे, आणि सामानाला कुणी हेल्मेट घालत नाही.

कारेगाव, ढोकसांगवीच्या चाळींमध्ये खोल्या करून राहणारी शेकडो जोडपी आहेत. विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहारमधली. दोघंही कामाला. मी ज्या घराशेजारी वाढलो तिथे भाड्याने राहणारी एक ताई पॅकिंग लाइनला होती. नवऱ्याची रात्रपाळी. तो दिवसा झोपलेला, मोटरसायकल खाली उभी, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. आणि ही सकाळी गाडीशेजारून चालत जायची, पाऊण तास. कंपनीची बस त्या बाजूला येत नव्हती. पुढे पावसाळ्यात तिने ती नोकरी सोडली. नवरा वाईट होता का? अजिबात नाही. सुट्टीच्या दिवशी तो तिला हौसेने गाडीवर बसवून निमगाव म्हाळुंगीपर्यंत फिरवून आणायचा. फिरवून आणायचा, शिकवायचा नाही. एमआयडीसीचे आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मैदानासारखे रिकामे पडलेले असतात. आठ दिवसांचं काम होतं. त्यासाठी त्याला आठ दिवस मागे बसावं लागलं असतं, ते जमलं नाही.

खिळ्याला लटकलेल्या त्या किल्लीचा आणि बर्फाचा संबंध आहे. स्नोमोबाइलचा जन्म मौजेतून झालेला नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता, बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे खटाटोप करणारा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत पोहोचायला काही साधन नाही. त्यानंतर तीन वर्षांनी त्याला दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि सात माणसं बसतील अशी बर्फावरची गाडी त्याने विकायला काढली. त्या गाड्यांतून डॉक्टर जायचे, टपाल जायचं, पोरं शाळेत जायची. आपण फोटोत बघतो ती एका-दोघांची हलकी स्की-डू बरीच नंतरची, १९५९ ची. म्हणजे हे यंत्र मुळात एका असहाय रात्रीचं उत्तर होतं. आता विचार करा: ढोकसांगवीत रात्री दोन वाजता पोराला ताप आलाय, नवरा तिसऱ्या पाळीला, गाडी मात्र खाली उभी आहे. बर्फ नाही, रस्ता मोकळा. यंत्रही आहे. फक्त ते कुणी तिच्या हातात दिलेलं नाही.

'पण तिलाच नको असतं' हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे. असतं ना, काहींना खरंच नको असतं. मलाही पॅराग्लायडिंग नको असतं. ज्यांना नको त्यांनी खुशाल चहा प्यावा, बर्फावर धूर सोडत फिरण्यात कसलं पुण्य आहे असं नाही. खरं तर ही यंत्रं गोंगाटी आहेत, आणि मनालीवरच्या त्या उतारांचं पर्यटकांनी जे करून ठेवलंय ते बघवत नाही. तो वेगळा लेख होईल. पण 'नको' म्हणणाऱ्या बाईला एकदा तरी किल्ली देऊन, एकटीला, रिकाम्या जागेत, कुणी फोन काढून शूट करत नसताना विचारलंय का? चार माणसांसमोर, मागून 'ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक!' असं ऐकू येणार हे माहीत असताना मीही नकोच म्हणेन.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी झटकणार नाही. गर्दीच्या उतारावर, जिथे लहान पोरं घसरगुंडी खेळताहेत, तिथे पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या हाती दोनशे किलोचं यंत्र एकट्याने देऊ नये. अगदी बरोबर. पण मग हा नियम पहिल्यांदा चालवणाऱ्या नवऱ्यालाही लावा. नियम मिशा बघून बदलत असेल तर त्याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

आणि जगाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे, आपण अजून फोटोत अडकलोय. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकाला निघाली. तिच्यात पहिल्यांदाच दोन भारतीय बायका होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत म्हणजे औंधच्या पंत घराण्यातल्या, आप्पासाहेब पंतांच्या कन्या, पुणे विद्यापीठातून शिकलेल्या. त्यांच्या मोहिमेने तिथे दक्षिण गंगोत्री हे भारताचं पहिलं ठाणं उभं केलं. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनवरच्या कुमार पोस्टवर तैनात झाल्या, साडेपंधरा हजार फुटांच्या वर, तिथे प्रत्यक्ष तैनात झालेल्या पहिल्या महिला अधिकारी. शिक्षणाने त्या सिव्हिल इंजिनिअर आहेत. म्हणजे बर्फावर बाईने काम करावं की नाही हा निकाल माझ्या जन्माच्या आधी लागलेला होता. सोलंगचे काका अजून अपिलात आहेत.

मराठीत ओळख करून देण्याचा एक रिवाज आहे. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्ही घरांची ओळख करून देतो, चहा-पोहे होतात, आणि मग तो बाजूला होतो. मांडवात नवरा-नवरीच्या मधे पाट टाकून बसत नाही. आपल्या जोडीदाराची एखाद्या यंत्राशी ओळख करून देणारा तोच मध्यस्थ. यंत्र आणि ती यांच्यामध्ये तुमची पाठ येत असेल तर ओळख झाली ती तिची आणि तुमच्या जॅकेटची.

येत्या हिवाळ्यात जाणार असाल तर मग कामाचं सांगतो. दर ठरवण्याआधीच विचारा की चालवायला देणार का आणि कुणाला. 'सर चलाएंगे' म्हणाला की पुढच्या माणसाकडे जा, तिथे माणसं भरपूर असतात. सकाळी लवकर जा, उतार रिकामा असतो. हेल्मेट मागा. आम्हाला पहिल्या ठिकाणी एकच दिसलं, तेही ऑपरेटरने स्वतः घातलेलं. इंजिनला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. ती तुटलेली असेल तर ती गाडी घेऊ नका. पहिली फेरी सपाटीवर, ऑपरेटर मागे, हँडल तिच्याकडे. मध्येच गाडी रुतली तर रुतू द्या, ती काढेल, नाही निघाली तर ती स्वतः हाक मारेल. तोवर खाली मॅगी खात बसा. महाग आहे आणि पाणचट आहे, पण तोंड भरलेलं राहतं.